व्ही कुणाची?

आधी मत सांगून टाकतो, कारणं नंतर. व्ही आकाराची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची असेल तर तिच्या डोक्यावर कुणाचं नाव लिहिलंय ते सगळ्यात शेवटी बघावं. आधी ब्रिज बघा, मग नेक कशी जोडलीय ते, मग तारेची लांबी, मग पिकअप. एवढं सगळं बघून झाल्यावर पैसे उरलेच तर मग नाव. आणि घेणारा माणूस समुद्राकाठी राहणारा असेल तर ब्रिज दोनदा बघा.

"विकांताला तुला दुसरे विषय नाहीत का?" असं कुणी म्हणेल. आहेत हो, पण सध्या घरात हाच पेटलाय. माझी ताई थळला असते. अलिबागच्या वर, आरसीएफच्या कारखान्यामुळे बहुतेकांना ऐकून माहीत असलेलं थळ. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, तिथल्या बेंजो पार्टीत वाजवतो. दोन सीझनच्या हळदी वाजवून त्याने पैसे साठवलेत आणि आता त्याला व्ही गिटार हवी आहे. उभं राहून, पट्टा गळ्यात अडकवून, ट्रॉलीच्या पुढे येऊन वाजवायची. त्यात त्याला कुणा जाणकाराने सांगितलं, "घ्यायची तर गिब्सन घे, नाहीतर घेऊच नको. बाकी सगळ्या व्ही डुप्लिकेट." झालं! पोराचं तोंड एवढंसं. कारण अमेरिकेत बनलेली गिब्सन लाखांच्या घरात जाते आणि त्याच्याकडे काही दहा हजार आहेत.

हा "डुप्लिकेट" शब्द मला खटकला. पोरगं आपल्या कमाईतून वाद्य घेतंय आणि घ्यायच्या आधीच त्याला त्याची लाज वाटायला लागली, हे काही बरोबर नाही. म्हणून हा प्रपंच.

तर मंडळी, थोडा इतिहास.

व्ही पहिल्यांदा काढली गिब्सननेच, यात वाद नाही. साल १९५८. टेड मॅकार्टी तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. प्रतिस्पर्धी फेंडर नव्या आकारांच्या गिटारी खपवत होता आणि गिब्सन म्हणजे आजोबांची कंपनी अशी हवा झाली होती. ती पुसायला त्यांनी दोन विचित्र आकार बाजारात आणले, फ्लाइंग व्ही आणि एक्स्प्लोरर. लाकूड कोरिना, म्हणजे आफ्रिकेतलं लिंबा नावाचं फिकट पिवळसर लाकूड. लोकांनी बघितलं, हसले आणि घेतली नाही. पहिल्या दोन वर्षांत मिळून शंभरसुद्धा गेल्या नाहीत. कंपनीने गाशा गुंडाळला. आज त्या शंभराच्या आतल्या गिटारी जगातल्या सगळ्यात महाग गिटारींत गणल्या जातात, हा भाग वेगळा.

मग तिला वाचवलं कुणी? वाजवणाऱ्यांनी. अल्बर्ट किंग हा ब्लूजवाला डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरून वाजवायचा. साधी गिटार उलटी केली की तिचा खाचेचा भाग भलतीकडे जातो, पण व्ही दोन्ही बाजूंनी सारखी, तिला काय फरक पडतो? त्याने ती गाजवली, लॉनी मॅकने गाजवली. १९६७ साली गिब्सनने महोगनीत पुन्हा काढली, ती जिमी हेंड्रिक्सने घेतली आणि स्वतःच्या हाताने रंगवली. तेव्हा कुठे व्हीचे दिवस फिरले. म्हणजे आकार कंपनीचा, पण त्याला अर्थ दिला तो दुसऱ्यांनीच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कोर्टात लागणार आहे.

आता प्रतिस्पर्धी.

पहिला डीन. डीन झेलिन्स्की नावाच्या जेमतेम विशीतल्या पोराने १९७६ मध्ये शिकागोजवळ ही कंपनी काढली आणि १९७७ मध्ये व्ही बाजारात आणली. अंगाने ती सरळसरळ गिब्सनच्या व्हीची बहीण. तारेची लांबीही तीच, पावणेपंचवीस इंच. फरक डोक्यात. डीनचं हेडस्टॉक भलंमोठं, तेही व्ही आकाराचं, लांबून ओळखू येणारं.

दुसरा जॅक्सन. ओझी ऑझबॉर्नचा गिटारवादक रँडी ऱ्होड्स १९८० च्या डिसेंबरात ग्रोव्हर जॅक्सनकडे एक कल्पना घेऊन गेला. त्यातून निघालेली पांढरी, काळ्या रेघांची गिटार म्हणजे व्हीच, पण एक पंख लांब आणि एक आखूड. ती हातात आल्यावरही त्याला वाटलं की लोक हिला फ्लाइंग व्हीच समजतील. म्हणून दुसरी करताना तिरपेपणा आणखी वाढवला. १९ मार्च १९८२ रोजी विमान अपघातात तो गेला, वय फक्त २५. पण ती गिटार राहिली, तीच आजची जॅक्सन ऱ्होड्स. २००२ पासून जॅक्सन ही कंपनी फेंडरच्या मालकीची आहे. म्हणजे ज्या फेंडरला घाबरून गिब्सनने व्ही काढली, त्याच्याच पदरात आज व्हीची सगळ्यात टोकदार आवृत्ती आहे. नियती म्हणतात ती हीच :)

तिसरा जपानचा ईएसपी, आणि त्याचाच स्वस्तातला ब्रँड एलटीडी. चौथी एपिफोन, पण ती प्रतिस्पर्धी नाहीच मुळी. १९५७ पासून ती गिब्सनच्याच घरातली आहे. आशियात बनते, स्वस्तात मिळते. आता गंमत बघा, एपिफोनच्या व्हीला डुप्लिकेट म्हणायचं की नाही? मालक तोच, आकार तोच, नाव वेगळं. आमच्या जाणकारांना हा प्रश्न विचारायला सांगितलाय भाच्याला.

बरं, वाजवताना फरक काय पडतो? इथे पंख बाजूला ठेवा आणि मोजपट्टी घ्या.

गिब्सन आणि डीनची तार पावणेपंचवीस इंची, जॅक्सनची साडेपंचवीस. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, दिसायला काहीच नाही. पण तीच तार त्याच सुरात लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस भागिले पावणेपंचवीस, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ६ टक्के जास्त ताण. बोटांना तो कळतो. तार ओढून सूर चढवायचा असेल तर आखूड लांबी मऊ लागते. जाड सुरात, दणक्यात वाजवायचं तर लांब तार घट्ट राहते, लडबडत नाही. इलाज मात्र अगदी स्वस्त आहे. लांब गिटारला एक नंबर बारीक तारा लावा, दहाच्या जागी नऊच्या. हिशोब मिटला.

पिकअप सगळ्यांचे जवळजवळ एकाच जातीचे, हंबकर. दोन वेटोळी उलटसुलट जोडायची, म्हणजे बाहेरून येणारी विजेची घरघर एकमेकीला खाऊन टाकते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. १९५५ च्या सुमारास गिब्सनच्याच सेथ लव्हरने हे काम केलं. त्याचं पेटंट कधीच संपलं आणि आज जगातला प्रत्येक गिटारवाला हंबकर वापरतो. त्याला कुणी डुप्लिकेट म्हणत नाही! अख्ख्या गिटारीतली खरी डोक्याची गोष्ट सगळ्यांनी घेतली तर चालते, आणि लाकडाचा आकार घेतला तर चोरी? मला हे पटत नाही.

आणि आकाराने आवाज बदलतो का? सतारीत, तंबोऱ्यात भोपळा बोलतो, तिथे आकार हाच आवाज. थळच्या समोर खांदेरीवर एक दगड आहे, दुसरा दगड घेऊन ठोकला की भांड्यासारखा वाजतो. बोट करून गेलेल्या प्रत्येकाने तो वाजवून बघितलेला असतो. तिथे वस्तूच स्वतः कंप पावते. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. पिकअप हे लोहचुंबक आहे, त्याला लोखंडी तारेची हालचाल कळते, लाकडाचे पंख कुठे संपतात ते कळत नाही. लाकडाचा थोडाफार परिणाम होतो की नाही यावर गिटारवाले रात्र-रात्र भांडतात, पण तो पंखांच्या टोकांमुळे होतो असं म्हणणारा मला अजून भेटायचाय. व्हीचा आकार दोन गोष्टींसाठी आहे. वरच्या फ्रेटपर्यंत हात बिनधास्त पोचतो, आणि दिसते भारी. दिसणं हे कारण लहान नाही. स्टेजवर उभं राहणाऱ्याला तर नाहीच नाही.

आता कोर्ट.

गिब्सनने २०१९ मध्ये डीनच्या मालकांवर टेक्सासात दावा लावला. म्हणणं असं, की फ्लाइंग व्हीसकट आमचे आकार हे आमचे ट्रेडमार्क आहेत. त्याच वर्षी, २८ जून २०१९ रोजी, युरोपातल्या कोर्टाने नेमकं उलटं सांगितलं. आकार १९५८ मध्ये वेगळा होता हे खरं, पण नंतर बाजारात इतक्या जणांनी तो काढला की आता नुसता व्ही बघून गिऱ्हाईक "ही गिब्सनची" असं ओळखत नाही, म्हणून ट्रेडमार्क नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ज्युरीने बरंचसं गिब्सनच्या बाजूने दिलं, पण भरपाई किती? ४,००० डॉलर. एवढ्यात गिब्सनच्या दोनेक चांगल्या गिटारी येतील. आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. कारण हेच आकार इतर कंपन्यांनी वर्षानुवर्षं काढल्याचे पुरावे ज्युरीपुढे पुरते येऊच दिले नव्हते.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे भांडण ओळखीचं वाटेल. १९८८ मध्ये ॲपलने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला होता, की खिडक्या, आयकॉन, हे सगळं दिसणं-वागणं आमचं आहे. १९९४ पर्यंत चालला आणि ॲपल हरली. विचार करा, जिंकली असती तर? ज्याच्या खिडकीला कोपऱ्यात बंद करायचं बटण आहे त्या प्रत्येकाने रॉयल्टी भरत बसायचं. आपल्यातल्या निम्म्यांच्या नोकऱ्या उभ्याच राहिल्या नसत्या.

पेटंट आणि ट्रेडमार्क यांत फरक आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. पेटंट म्हणजे समाजाने केलेला करार. तू नवीन काढलंस, काही वर्षं तूच विक, मग सगळ्यांचं. ट्रेडमार्कला मुदत नाही, कारण त्याचं काम वेगळं, गिऱ्हाईकाची फसवणूक होऊ नये एवढंच. आकाराची मक्तेदारी संपल्यावर तोच आकार ट्रेडमार्कच्या दाराने कायमचा आत आणायचा, हे मला कराराच्या विरुद्ध वाटतं.

गिब्सनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. १९५८ मध्ये धोका त्यांनी पत्करला, तोटा त्यांनी सोसला. आणि हेडस्टॉकवर "गिब्सन" असं खोटं नाव रंगवून विकल्या जाणाऱ्या गिटारी आहेत, ती शुद्ध फसवणूक आहे. तिथे कंपनीने हवा तेवढा कडक कायदा वापरावा. पण डीनने डीन लिहिलं, जॅक्सनने जॅक्सन लिहिलं. कोण फसलं? व्ही बघितली की मला "मेटल" आठवतं, "गिब्सन" नाही. डेव्ह मस्टेनचंच घ्या. मेगाडेथचा हा माणूस म्हणजे चालतीबोलती व्ही. जॅक्सनची वाजवली, ईएसपीची वाजवली, २००७ पासून डीनची आणि २०२१ पासून गिब्सनची. चार कंपन्या बदलल्या, व्ही सुटली नाही. व्ही कुणाची ओळख आहे मग, कंपनीची की वाजवणाऱ्याची?

आपल्याकडे हे कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे बनतात. सुरुवात करणारे फरीदसाहेब, शिकलगार घराण्यातले, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांतले. पंढरपूरकडचे भोपळे आणून त्यांनी सतार घडवली. आज तिथे शेजारी-शेजारी दुकानं आहेत, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, बरेचसे नात्यातले. सतारीचा आकार सगळ्यांचा एकच. गिऱ्हाईक आकार बघून येत नाही, जवारी कुणाच्या हातची आहे ते विचारून येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते एका दुकानाला मिळालं नाही, गावाच्या नावाला मिळालं. मला ही कल्पना आवडते. जपायचं काय, तर घडवणाऱ्या हातांचं नाव. आकार मोकळा.

आणि भाच्याचा बेंजो? शहरातल्या मंडळींनी वरातीत ऐकला असेल, जवळून बघितला नसेल. नाव बेंजो असलं तरी अमेरिकन बँजोशी त्याचा संबंध नाही. तो आहे बुलबुलतरंग. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी जपानी वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, त्याचं नाव ताइशोगोतो. ते इकडे येऊन बुलबुलतरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप लावला, ॲम्प्लिफायरला जोडलं, आणि कोळीवाड्यातली हळद त्याशिवाय होईनाशी झाली. म्हणजे ज्या वाद्यावर हे पोरगं वाढलं, तेच जपानी कल्पना, टाइपरायटरच्या कळा आणि अमेरिकन पद्धतीचा पिकअप यांची मिसळ आहे. त्याला डुप्लिकेट म्हणायची कुणाची हिंमत आहे थळमध्ये?

असो. आता मुद्द्याचं, घ्यायची कोणती.

थळची हवा कशी आहे ते सांगतो. खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, सगळ्याला दोन पावसाळ्यांत तांबेरा. समोरच्या खांदेरी-उंदेरीवरून येणारा वारा कवितेत छान असतो, लोखंडाला तो खातो. म्हणून फ्लॉइड रोज ब्रिज नको. तार ओढून-सोडून किंचाळायला लावणारा तो डुलता ब्रिज, मेटलवाल्यांचा जीव की प्राण. पण त्यात स्प्रिंगा, सुऱ्यांसारख्या धारा, बारीक स्क्रू, सगळं पोलादी. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर. हळदीत रात्री अकराला तार तुटली तर नवरदेव थांबणार आहे का? ऱ्होड्सची बरीच मॉडेलं फ्लॉइड रोज लावून येतात, तेव्हा नीट बघून फिक्स्ड ब्रिजवालं घ्यायचं.

दुसरी गोष्ट टेम्पो. वाद्यं टेम्पोत, ढोलांच्या शेजारी, अलिबाग-रेवस रस्त्याचे धक्के खात जातात. गिब्सनच्या पद्धतीत महोगनीची नेक चिकटवलेली असते आणि डोकं चांगलंच मागे कललेलं. पडली की डोक्याशी मोडते, हे तिचं जगप्रसिद्ध दुखणं. डीन आणि एपिफोनही चिकटवलेल्या नेकच्याच वाटेने जातात. जॅक्सनच्या वरच्या गिटारींत नेक सलग अंगातून गेलेली असते, ती सुरेख, पण महाग. स्वस्तातल्या जेएस मालिकेत मात्र मेपलची नेक बोल्टने बसवलेली असते. भारी लोक बोल्टला नाक मुरडतात. मुरडोत. मोडली तर चार स्क्रू काढून दुसरी बसवता येते. आपल्या भाषेत, मॉड्युलर डिझाइन.

म्हणून माझं मत, जॅक्सनची जेएस ऱ्होड्स, फिक्स्ड ब्रिज, नऊच्या तारा, त्याही शक्यतो कोटिंगवाल्या. दुसरा पर्याय एपिफोन, पण मग कडक पेटी हवीच. उरलेल्या पैशांत पेटीत टाकायला सिलिका जेल, वाजवून झाल्यावर तारा पुसायला सुती फडकं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग तपासायला एक टेस्टर. मंडपात जनरेटरवर वीज असते आणि अर्थिंग बहुधा देवाच्या भरवशावर. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. वायरिंग चुकलं आणि ओठ माइकला लागला की झटका बसतो, आणि तो झटका हेडस्टॉकवर कुणाचं नाव आहे ते विचारत नाही. गिब्सनच्या नावाला लाख घालण्यापेक्षा हे शे-दोनशे आधी घालावेत.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. "मामा, पण ती डुप्लिकेट नाय ना?" हा त्याचा एकच प्रश्न. म्हटलं, तिच्यावर जॅक्सन लिहिलंय आणि ती जॅक्सनच आहे, तर ती डुप्लिकेट कशी? ज्याच्यासाठी ती पहिल्यांदा बनली त्या पोराने मुद्दाम सांगितलं होतं, माझी गिब्सनसारखी दिसता कामा नये. हे त्याला एकदम पटलं.

ताईचा मुद्दा मात्र मला अजून खोडता आलेला नाही. ती म्हणाली, "एवढे पैसे घालायचे तर मांडीवर नीट बसेल असं वाद्य घ्या की!" तिचं बरोबर आहे. व्ही मांडीवर बसत नाही, घसरते. १९५८ च्या पहिल्या व्हीला म्हणूनच कडेला रबराची पट्टी लावली होती. खालचा पंख दोन मांड्यांच्या मध्ये घालून बसायचं, नाहीतर उभं राहायचं. सहा दशकांत गिब्सन, डीन, जॅक्सन, ईएसपी यांपैकी कुणालाही त्याच्यावर खरा उपाय सापडलेला नाही. एवढ्या एका बाबतीत मात्र सगळ्या व्ही एकमेकींच्या अस्सल डुप्लिकेट आहेत.